सोनं आत, तांबं अंगणात

गेल्या अंकात जुन्या इस्राएली लोकांच्या उपासनेच्या जागांवर पानभर मजकूर आला होता, म्हणजे रानातला तो तंबू ज्याला मराठी बायबलात निवासमंडप म्हणतात, आणि नंतर शलमोनाने यरुशलेमात बांधलेलं मंदिर. त्यावर बरेच प्रश्न आले आणि बहुतेक सगळे एकाच गोष्टीभोवती फिरणारे, की सामान हेच का? सोनंच का, बाभूळच का, लोखंड का नाही? जागेसाठी काही प्रश्न थोडे छाटलेत, राग मानू नका.

नमस्कार, लहानपणापासून संडे स्कूलमध्ये एक तक्ता बघत आलेय. सोनं म्हणजे देवपण, चांदी म्हणजे खंडणी भरून सुटका, पितळ म्हणजे न्याय, बाभळीचं लाकूड म्हणजे मानवी देह, निळा म्हणजे स्वर्ग, जांभळा म्हणजे राजेपण, किरमिजी म्हणजे रक्त. आता मीच मुलांना शिकवते आणि परवा एका मुलीने विचारलं, टीचर हे कुठल्या वचनात लिहिलंय? मला काही सापडेना. – एक शिक्षिका, अहिल्यानगर

सापडणार नाही, कारण तसं वचन नाहीच. मुलगी हुशार आहे. बायबलातल्या निर्गम पुस्तकाचे २५ ते ३१ अध्याय आणि परत ३५ ते ४० वाचून काढा, किती हात लांब, किती रुंद, किती आकड्या, किती उथळ्या, सगळं कंटाळा येईपर्यंत दिलंय, पण अमुक धातू म्हणजे तमुक गुण असं एकदाही नाही. अर्थ लावायला लोकांनी नंतर सुरुवात केली, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचा वेगळा. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस म्हणतो की पडद्याचे चार धागे म्हणजे चार महाभूतं, सण (म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा) जमिनीतून उगवतो म्हणून पृथ्वी, जांभळा रंग समुद्रातल्या गोगलगायीतून येतो म्हणून पाणी, निळा म्हणजे हवा, किरमिजी म्हणजे आग. त्याच्या थोडं आधी अलेक्झांड्रियात फायलोनेही असंच काहीसं लिहिलंय. म्हणजे तुमच्या तक्त्यात किरमिजी हे रक्त, त्यांच्याकडे ती आग. नव्या करारात इब्री लोकांस पत्रात अंतरपट (अगदी आतल्या खोलीपुढचा पडदा) म्हणजे ख्रिस्ताचा देह असं येतं, तेवढा एक धागा धरून पुढे ख्रिस्ती लेखकांनी शेकडो वर्षं एकेका वस्तूला अर्थ चिकटवत नेले आणि त्याचा तो तक्ता झाला.

पण म्हणून सामान अर्थहीन आहे असं नाही हां, उलट अर्थ आहे, फक्त तो शब्दकोशासारखा एकेका वस्तूत ठेवलेला नाहीये, तो जागेत आहे. कुठली वस्तू किती आत, ते बघा. अगदी आत परमपवित्रस्थान, तिथे कराराचा कोश, म्हणजे ती पवित्र पेटी, आतून-बाहेरून शुद्ध सोन्याने मढवलेला, त्याच्यावरचं दयासन (झाकण) आणि करूब (पंखवाल्या आकृत्या) तर घडीव सोन्याचेच. त्याच्या बाहेरच्या खोलीत दीपवृक्ष, मेज, धूपवेदी, तिथेही सोनं. अंगणात आलात की होमवेदी आणि गंगाळ, ते पितळेचं (मराठी बायबलात पितळ छापलंय, प्रत्यक्षात तांबं किंवा कांसं). खांबांच्या बुडाशी असलेल्या उथळ्या बघितल्या तर हे अजून स्पष्ट दिसतं, अंतरपटाचे चार खांब सोन्याने मढवलेले आणि उथळ्या चांदीच्या, बाहेरच्या दाराचे पाच खांब तेही सोन्याने मढवलेले पण उथळ्या पितळेच्या, आणि अंगणाच्या कनातीला तर सरळ पितळच. कापडाचंही तेच, आत तिन्ही रंगांचं सूत आणि तलम सण एकत्र विणून त्यात करूब काढलेले, दारावरच्या पडद्याला तेच रंग पण करूब नाहीत, नुसतं वेलबुट्टीचं काम, आणि अंगणाची कनात साध्या सणाची. आणि माणसंही त्याच क्रमाने, अंगणात लोक, खोलीत याजक, अगदी आत फक्त प्रमुख याजक आणि तोही वर्षातून एक दिवस. म्हणजे नुसतं पायाखाली आणि अंगावर काय आहे ते बघून कळत होतं की आपण देवाच्या किती जवळ आलोय. मेनाहेम हारान नावाच्या इस्राएली अभ्यासकाने हे फार बारकाईने मांडलंय.

तेव्हा तक्ता फाडू नका, फक्त त्याच्याखाली लिहा की हा अर्थ नंतरच्या मंडळींनी लावलाय. आणि पुढच्या रविवारी मुलांना रंगीत खडू देऊन उथळ्यांचा नकाशा काढायला लावा, त्यांना ते जास्त आवडेल असं मला वाटतं.

मी बँकेतून रिटायर झालोय, आकडे बघायची खोड आहे. निर्गम ३८ मध्ये चांदीचा जो हिशोब दिलाय तो जुळतो का? आणि चांदी खाली पायात का घातली, एवढी महागाची वस्तू? – एक वाचक, नाशिक

जुळतो, शेकेलपर्यंत (शेकेल आणि किक्कार ही तेव्हाची वजनं) जुळतो. मोजलेले पुरुष ६,०३,५५०, प्रत्येकी अर्धा शेकेल, म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. एका किक्कारात ३,००० शेकेल, म्हणून १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. शंभर किक्कारांच्या शंभर उथळ्या ओतल्या, ४८ फळ्यांना प्रत्येकी दोन म्हणजे ९६ आणि अंतरपटाच्या खांबांना ४, आणि उरलेल्या १,७७५ मध्ये अंगणाच्या खांबांच्या आकड्या आणि पट्ट्या. एकेक उथळी साधारण ३०-३५ किलोची. सहा लाख पुरुष रानात खरंच होते का हा वेगळा वाद आहे आणि बहुतेक अभ्यासक तो आकडा अक्षरशः घेत नाहीत, पण लिहिणाऱ्याने बॅलन्सशीट मात्र चोख टॅली केलंय.

आता पायात का. सोनं आणि बाकी सामान ज्याच्या मनाला येईल त्याने दिलेलं, ते इतकं आलं की त्यांचा पुढारी मोशे याला छावणीत सांगावं लागलं की आता आणू नका. चांदीचं तसं नाही, ती शिरगणतीची, माणशी ठरलेली, आणि निर्गम ३० मध्ये स्पष्ट म्हटलंय की श्रीमंताने जास्त द्यायचं नाही आणि गरिबाने कमी द्यायचं नाही. म्हणजे तंबू जिच्यावर उभा आहे ती धातू प्रत्येकाची सारखी. कुणी मोठा दाता येऊन म्हणू शकत नाही की ही बाजू माझी. मला सगळ्या वर्णनात हीच गोष्ट सगळ्यात आवडते, सोन्यापेक्षाही, कारण इथे अर्थ ओढून-ताणून काढावा लागत नाही, नियमातच आहे. (आणि हो, सोन्याबद्दल फार हळवं व्हायचं कारण नाही, तीन अध्याय आधी याच लोकांनी याच उत्साहाने कानातलं काढून दिलं होतं ते पूजेचं सोन्याचं वासरू ओतायला. जुन्या रब्बींनीही (यहुदी धर्मगुरूंनी) यावर टोमणा मारलाय, की वासराला मागितलं तरी देतात, मंडपाला मागितलं तरी देतात.)

आमच्याकडे बाभूळ म्हणजे बांधावरचं काटेरी झाड, औतं-बिवतं करायला नाहीतर सरपणाला. देवाच्या कोशाला बाभूळ? चंदन, साग काहीच मिळालं नाही का? – एक शेतकरी वाचक, बीड जिल्हा

दादा, नाहीच मिळालं. सिनायच्या रानात आणि अराबाच्या खोऱ्यात इमारतीच्या कामाचं म्हणावं असं झाड जवळपास तेवढंच, आपल्या बाभळीची चुलत बहीण म्हणा. पण लाकूड घट्ट, कीड लवकर लागत नाही, आणि औताला तुम्ही का वापरता हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. लाकडाला सोन्याने मढवायचं तंत्रही त्या भागात नवं नव्हतं, १९२२ साली तुतनखामेनची कबर सापडली तिच्यात सोन्याने मढवलेल्या लाकडी देव्हाऱ्यांची एकात एक अशी चौकडच निघाली. घन सोन्याची पेटी खांद्यावर घेऊन कोण चालणार, आणि हा तर सतत हलणारा मुक्काम.

खरी अडचण फळ्यांची आहे. एकेक फळी दहा हात उंच आणि दीड हात रुंद सांगितलीय, म्हणजे साडेचार मीटर बाय पाऊण मीटरच्या आसपास, आणि वाळवंटातली बाभूळ वेडीवाकडी, खुजी. ही शंका जुन्या यहुदी भाष्यकारांनाही आली, म्हणून त्यांच्याकडे कथा आहे की त्यांचा पूर्वज याकोब याला मिसर देशातच (इजिप्तमध्ये) आधी दिसलं होतं की पुढे हे लागणार आहे, त्याने तिथे झाडं लावली आणि मुलांना सांगून ठेवलं की निघताना तोडून बरोबर न्या. आजचे बरेच अभ्यासक म्हणतात की हे वर्णन खूप नंतर, मंदिर बघितलेल्या किंवा गमावलेल्या याजकांनी लिहिलंय, त्यामुळे मापं मंदिराची आणि लाकूड रानाचं असं झालं असावं. मलाही ते पटतं.

आणि मंदिराचं लाकूड बघायचं तर तिथे थाट वेगळाच. लबानोनचा गंधसरू, सोरचा राजा हीराम याच्याकडून, समुद्रातून तराफे करून आणलेला. भिंतींना आतून इतका गंधसरू की दगड दिसत नव्हता असं १ राजे ६ म्हणतं. बदल्यात शलमोनाने हीरामाला वर्षाला २०,००० कोर (धान्याचं जुनं माप) गहू द्यायचा, शिवाय ३०,००० माणसं वेठीला धरून महिन्याला दहा-दहा हजार लबानोनात पाठवायची. आता शलमोनाचा बाप दावीद राजा याला नाथान संदेष्ट्याच्या तोंडून काय उत्तर मिळालं होतं ते आठवा, २ शमुवेल ७, देव म्हणतो की मी तंबूतून फिरत आलो, मला गंधसरूचं घर का नाही बांधलं असं मी कधी कुणाला म्हटलं का? गव्हाची पोती आणि वेठबिगार ज्यांच्या वाट्याला आली त्यांना गंधसरूचा अर्थ विचारला असता तर त्यांनी सुगंध-बिगंध काही सांगितला नसता असं मला आपलं वाटतं. बाभळीच्या बाबतीत निदान कुणाची पाठ मोडली नव्हती.

शालोम आणि नमस्कार. आम्ही मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, आता बेर शेवाला असतो. इथल्या जुन्या टेकाडावर चार शिंगांची वेदी ठेवलीय, मुलाला दाखवायला नेलं. तो म्हणतो की तोरात (बायबलाच्या पहिल्या पाच पुस्तकांत) तर लिहिलंय वेदीला हत्यार लावायचं नाही, मग हे दगड एवढे गुळगुळीत कसे? त्याच्या सरांनी शमीर किड्याची गोष्ट सांगितली तीही खरी का? – एक आई

तुमच्या मुलाने नेमकं बोट ठेवलंय, त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार. (टेकाडावर आहे ती नक्कल, खरे दगड यरुशलेमच्या म्युझियममध्ये आहेत.)

नियम निर्गम २० मध्ये आहे, वेदी मातीची करा, दगडाची केलीत तर घडीव चिऱ्यांची नको, कारण हत्यार लागलं की ती भ्रष्ट होते. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात तर लोखंडाचं नाव घेऊन सांगितलंय. कारण काय ते तिथे नीट येत नाही, ते मिश्नात (रब्बींच्या नियमांच्या जुन्या संग्रहात) येतं, आणि फार सुंदर येतं, लोखंड माणसाचं आयुष्य कमी करायला निर्माण झालं, वेदी माणसाचं आयुष्य वाढवायला, मग कमी करणारं वाढवणारीवर उगारणं बरोबर नाही. त्याच मिश्नात सांगितलंय की दुसऱ्या मंदिराच्या वेदीचे दगड बेथ केरेमच्या खोऱ्यातून, कधी न खणलेल्या जमिनीतून आणायचे आणि लोखंडाचा नुसता स्पर्श झाला तरी दगड बाद. इ.स.पू. १६४ मध्ये मक्काबींनी (यहुदी बंडखोरांनी) मंदिर परत घेतलं तेव्हा विटाळलेली वेदी मोडली आणि ते दगड फेकून न देता डोंगरावर एका जागी ठेवले, कुणी संदेष्टा येऊन काय करायचं ते सांगेपर्यंत, आणि नवी वेदी अखंड, न तासलेल्या दगडांची केली.

शलमोनाच्या मंदिराबद्दल वचन वेगळं आहे. तिथे म्हटलंय की दगड खाणीवरच तयार करून आणले आणि बांधताना हातोडा, कुऱ्हाड, कुठल्याही लोखंडी हत्याराचा आवाज आला नाही. म्हणजे दगड घडवले, पण लांब. यावर तालमूदात (मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चेच्या ग्रंथात) दोन रब्बींचं भांडण आहे, रब्बी यहूदा म्हणतात हत्यार लागलंच नाही, जवाच्या दाण्याएवढा शमीर होता तो दगडावर ठेवला की दगड चिरत जायचा, आणि रब्बी नहेम्या म्हणतात असं काही नाही, बाहेर कापले आणि आत आणले. मी नहेम्यांच्या पार्टीत. शिवाय १ इतिहास २२ मध्ये दावीदाने दरवाज्यांच्या खिळ्यांसाठी पुष्कळ लोखंड जमवलं असंही आहे, तेव्हा मंदिरात लोखंड होतंच, सोवळं होतं ते वेदीचं.

आता प्रत्यक्ष जमिनीत काय सापडलं. तुमच्या घराच्या पूर्वेला तेल अराद आहे, तिथल्या किल्ल्यात एक छोटं यहुदी मंदिर सापडलं, योहानान अहरोनी यांनी १९६२ पासून खणलेलं, आणि त्याची वेदी अगदी पुस्तकासारखी, माती आणि न तासलेले दगड, साधारण अडीच मीटर चौरस, म्हणजे निर्गम २७ मधले पाच हात. आणि त्याच अहरोनींना १९७३ मध्ये बेर शेवाला तुम्ही बघितलेले दगड सापडले, एका कोठाराच्या भिंतीत परत वापरलेले, व्यवस्थित घडीव, आणि एकावर तर साप कोरलेला! दोन्ही यहूदाच्या राज्यातल्याच जागा. म्हणजे एका ठिकाणी नियम पाळला आणि दुसऱ्या ठिकाणी एकतर माहीत नव्हता किंवा मानला नाही. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे की हिज्कीया राजाने गावोगावची पूजेची ठाणी बंद केली तेव्हा ती वेदी मोडली गेली. मुलाला सांगा की पुस्तकातला नियम आणि गावातला रिवाज वेगळा असणं ही काही फक्त आपल्या कोकणातली गोष्ट नाही.

गंगाळ बायकांच्या आरशांचं केलं हे खरं का? – एक वाचक, सोलापूर

हो, निर्गम ३८:८, दर्शनमंडपाच्या (म्हणजे याच तंबूच्या) दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांचे आरसे. तेव्हा आरसा म्हणजे घासून चकचकीत केलेली तांब्याची-कांशाची चकती, काच नाही. मिद्राशमध्ये (बायबलावरच्या रब्बींच्या कथांमध्ये) याची गोष्ट आहे आणि ती मध्ययुगातले भाष्यकार रब्बी राशी यांनीही घेतलीय. मोशेला ते आरसे नको होते, नट्टापट्टा करायची वस्तू देवाला कशी चालेल. तर देव म्हणाला की घे, मला हे सगळ्यात प्रिय आहेत, कारण मिसरात दिवसभर विटा पाडून मेटाकुटीला आलेल्या नवऱ्यांसाठी या बायका शेतात जेवण घेऊन जायच्या, आरशात दोघांचे चेहरे बघून म्हणायच्या बघ मी तुझ्यापेक्षा देखणी, आणि असं लाडीगोडीने त्यांच्यात परत जीव आणायच्या, त्यातूनच पुढची पिढी झाली. याजक आत जाण्याआधी हातपाय धुणार ते या पितळेत. पुरुष भाष्यकारांनी लिहिलेल्या गोष्टींत इतकी मोकळी गोष्ट क्वचित सापडते.

निळा रंग एवढा महत्त्वाचा का? – एक कॉलेज विद्यार्थिनी, पुणे

महाग म्हणून, आधी ते. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या केमिस्टने १२,००० समुद्री गोगलगायींतून जांभळा रंग काढला तो भरला १.४ ग्रॅम. दुसऱ्या एका जातीच्या गोगलगायीच्या रसातून निळाही निघतो, रंगाच्या भांड्यावर ऊन पडलं की जांभळट छटा जाऊन निळा उरतो. किरमिजी मात्र झाडावरच्या किड्यांचा. आणि हे सगळं नुसतं पुस्तकातलं नाही, तिम्नाच्या तांब्याच्या खाणींजवळ इ.स.पू. १००० च्या सुमाराची खऱ्या जांभळ्या रंगाची लोकर सापडलीय, २०२१ मध्ये जाहीर झालं.

पण मला त्याहून भारी वाटतो तो एक नियम. लोकर आणि सण एकत्र विणलेलं कापड सामान्य माणसाने अंगावर घालायचं नाही, ते चालायचं मंडपाच्या पडद्यांना आणि याजकांच्या कपड्यांना. आणि तरीही गणनाच्या १५ व्या अध्यायात प्रत्येक इस्राएली माणसाला सांगितलंय की वस्त्राच्या गोंड्यात एक निळा धागा घाल. रंगवलेला निळा धागा लोकरीचा, वस्त्र सणाचं असलं की झालं ते मिश्रण. जेकब मिलग्रोम या अभ्यासकाचं म्हणणं असं की याजकाच्या कापडाचा एक धागा अशा रीतीने साध्या माणसाच्या काठापर्यंत पोचवलाय. रब्बी मेईर यांचं वचनही यहुद्यांमध्ये सगळ्यांना पाठ असतं, निळा समुद्रासारखा, समुद्र आकाशासारखा, आकाश देवाच्या सिंहासनासारखं. हा एका रंगाचा अर्थ मात्र खरोखर जुना आहे, तुमच्या तक्त्यात तो चालेल, अहिल्यानगरच्या ताई.

शेवटी ते सगळं सोनं-तांबं गेलं कुठे? – एक वाचक, ठाणे

हप्त्याहप्त्याने गेलं. शलमोनाचा मुलगा रहबाम याच्या पाचव्या वर्षी मिसरच्या शिशकाने सोन्याच्या ढाली नेल्या, रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या करून पहारेकऱ्यांच्या हातात दिल्या आणि मिरवणूक तशीच चालू ठेवली. आहाज राजाने पितळेचा मोठा गंगाळसागर बारा बैलांवरून उतरवून दगडी फरशीवर ठेवला. हिज्कीयाने तर मंदिराच्या दारांचं सोनं खरवडून अश्शूरच्या सन्हेरीबाला दिलं, ३० किक्कार सोनं आणि ३०० किक्कार चांदी असं राजे म्हणतं, आणि सन्हेरीबाच्या स्वतःच्या लेखातही सोनं ३० च आहे, चांदी मात्र त्याने ८०० लिहून घेतलीय. मग इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने उरलेलं सगळं. दाराशी याखीन आणि बवाज नावाचे दोन पितळी खांब होते, १८ हात उंच, आतून पोकळ, चार बोटं जाडीचे, ते आणि तो सागर फोडून तुकडे करून नेले, आणि २ राजे म्हणतं की त्या पितळेचं वजन करायला गेलं तर होईना. पुढे इराणच्या कोरेशाने लोकांना परत पाठवताना मंदिराची भांडी मोजून दिली, एज्राने आकडा दिलाय ५,४००, सोन्या-चांदीची. खांब आणि सागर त्या यादीत नाहीत, ते केव्हाच वितळवून झाले असणार.